अमेरिकेतले म्हातारपण : कोणाला कोणते दार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की गल्लीतल्या डॉक्टरांचे दहा-बारा खाटांचे इस्पितळ डोळ्यांपुढे येते. बाळंतपण, हर्निया, अपेंडिक्स आणि खालच्या मजल्यावर औषधाचे दुकान. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना आपले आपण उठता येत नाही, न्हाता येत नाही, घास तोंडापर्यंत नेता येत नाही, अशा माणसांनी राहायचे ते ठिकाण म्हणजे तिथले नर्सिंग होम. काही जण मोडलेले हाड सांधेपर्यंत महिना-दीड महिना राहून घरी जातात. बाकीच्यांचे तेच शेवटचे बिऱ्हाड. देशभरात अशी सुमारे १५ हजार नर्सिंग होम्स आहेत आणि त्यांत १२ लाखांच्या आसपास माणसे राहतात.

या घरांचा अभ्यास करणारी मंडळी गेली पंचवीस-तीस वर्षे एक गोष्ट पुन्हा पुन्हा आकड्यांनिशी सांगत आली आहेत. गोरा म्हातारा आणि कृष्णवर्णीय म्हातारा बहुधा एका छपराखाली नसतात. आणि ज्या छपराखाली कृष्णवर्णीय अधिक, तिथे परिचारिका कमी, तपासणीत सापडलेले दोष अधिक आणि घर चालवणाऱ्याच्या गल्ल्यात पैसा तुटपुंजा. कुठल्याही दारावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी नाही. कायद्याने ती लावताच येत नाही. मग हे होते कसे?

आधी जर्जरता म्हणजे काय ते पाहू. म्हातारपण आणि जर्जरता एक नव्हे. ऐंशीव्या वर्षी पर्वती चढणारे आजोबा आपण पाहतो आणि पासष्टीत काठीशिवाय पाऊल न टाकणारेही पाहतो. लिंडा फ्रीड या अमेरिकी डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या जर्जरतेची एक मोजपट्टी मांडली. प्रयत्न न करता वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे, या पाचांपैकी तीन खुणा दिसल्या की माणूस जर्जर समजायचा. हीच पट्टी लावून केलेल्या एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नर्सिंग होममध्ये राहणारे सोडून बाकीच्या पासष्टीपुढच्या गोऱ्यांमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास माणसे जर्जर निघाली आणि कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे २३ टक्के. म्हणजे ज्यांना हाताला धरणारा माणूस जास्त लागतो, त्यांच्याच वाट्याला तो कमी येतो.

यावर एक सोपे उत्तर बरीच वर्षे दिले जात असे. कृष्णवर्णीयांत कुटुंबाची ओढ मोठी, ती माणसे आपल्या म्हाताऱ्यांना घरीच सांभाळतात, असे ते उत्तर. ऐकायला ते गोड वाटते आणि अर्धे खरेही आहे. कृष्णवर्णीय आणि लॅटिन कुटुंबांत मुली, नाती, भाच्या विनामोबदला खूप सेवा करतात. आपल्याकडेही ‘आमच्यात म्हाताऱ्यांना बाहेर ठेवत नाहीत’ असे अभिमानाने सांगणारी घरे आहेत. तो अभिमान खोटा नसतो. फक्त त्या घरात रात्री तीनदा उठते कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. पण या सोप्या उत्तराची खरी अडचण अशी की ते आजच्या आकड्यांशी जुळत नाही. आज अमेरिकेतल्या नर्सिंग होम्समध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण वृद्ध लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे. संस्कृती तीच, कुटुंबेही तीच, आणि तरी आकडा उलटला. तेव्हा कारण अन्यत्र शोधायला हवे.

ते शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली, हे आपल्याला माहीत आहे. ती मुक्ती मिळाली तेव्हा सुटलेल्यांत हजारो माणसे साठी-सत्तरीची होती. अंगातले बळ मालकाच्या शेतात संपलेले, गाठीला दमडी नाही, आणि आता पोसण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. गावोगावच्या धर्मादाय वृद्धगृहांची दारे त्यांना बंद होती. म्हणून त्यांनी आपली दारे आपण बांधली. फिलाडेल्फियात १८६४ मध्ये वृद्ध आणि अपंग कृष्णवर्णीयांसाठी एक घर सुरू झाले. त्याचा मोठा आधार स्टीफन स्मिथ हे लाकडाचे व्यापारी होते. ते स्वतः गुलामीत जन्मलेले आणि पुढे गर्भश्रीमंतांनाही लाजवील इतके धनिक झालेले.

दुसरे उदाहरण हॅरिएट टबमन यांचे. स्वतः गुलामीतून पळालेल्या, पुन्हा पुन्हा दक्षिणेत शिरून कित्येकांना सोडवून आणणाऱ्या, यादवी युद्धात परिचारिका आणि हेर म्हणून राबलेल्या या बाईंना सरकारी पेन्शनसाठी कित्येक वर्षे खेटे घालावे लागले. अखेर १८९९ पासून त्यांना महिना २० डॉलर मिळू लागले. त्यांचे स्वप्न होते ते निराधार कृष्णवर्णीय म्हाताऱ्यांसाठी घर. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी त्यांनी १८९६ मध्ये लिलावात २५ एकर जमीन घेतली. हप्ते आणि कर झेपेनात, तेव्हा १९०३ मध्ये ती चर्चच्या स्वाधीन केली. १९०८ मध्ये घर उघडले. पण चर्चने प्रवेशासाठी १०० डॉलर भरण्याचा नियम केला आणि टबमनबाई संतापल्या. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाच आत घ्यायचे, असा त्यांचा हेतू होता. चर्चचेही चुकत नव्हते. शंभर डॉलरशिवाय कोळसा कुठून आणायचा? पुढे १९११ मध्ये त्या स्वतःच त्या घरात राहायला गेल्या आणि १९१३ मध्ये तिथेच वारल्या. म्हाताऱ्यांची सोय करायची तर खर्च कोणी करायचा, हा त्या घरातला वाद अमेरिकेत अजून मिटलेला नाही.

मग आले १९३५ साल. महामंदीच्या दिवसांत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. नोकरदाराने दरमहा थोडे भरायचे आणि म्हातारपणी पेन्शन घ्यायची. आज कोट्यवधी अमेरिकी म्हातारे याच पैशावर जगतात. पण सुरुवातीला या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. त्या काळी कृष्णवर्णीय पुरुष मुख्यतः कुठे होते? दुसऱ्याच्या शेतात. बायका? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. हे मुद्दाम केले की या लोकांकडून वर्गणी गोळा करणे अवघड म्हणून केले, याबद्दल इतिहासकारांत आजही वाद आहे. हेतू काहीही असो, ज्या मोलकरणीने चाळीस वर्षे भांडी घासली तिच्या खात्यात तेवढी वर्षे कोरी राहिली. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी बहुतेकांना आत घेतले खरे, पण तोवर एक पिढी म्हातारी झाली होती.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. सरकारी गरीबखान्यात, म्हणजे तिथल्या पुअरहाउसमध्ये राहणाऱ्याला वृद्धांसाठीचे सरकारी अनुदान मिळणार नाही, असे ते कलम. त्यामागचा विचार चांगला होता. ते कुप्रसिद्ध गरीबखाने बंद व्हावेत असा. झाले असे की हातात अनुदान आलेले म्हातारे गरीबखान्यातून निघून खासगी घरांत पैसे भरून राहू लागले. एखाद्या विधवेने चार खोल्या भाड्याने द्याव्यात, एखाद्या निवृत्त परिचारिकेने सहा खाटा टाकाव्यात. खासगी नर्सिंग होमचा धंदा वाढला तो असा. पण कृष्णवर्णीयाला ही खासगी घरे बहुधा घेत नसत. तो मागेच राहिला. गरीबखान्यात, नाही तर सरकारी मनोरुग्णालयाच्या मागच्या वॉर्डात. म्हणजे नर्सिंग होम हा व्यवसाय जन्मला तोच एका बाजूला झुकलेला.

१९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजना आणल्या. नावे इतकी सारखी की तिथले लोकही गोंधळतात. मेडिकेअर ही पासष्टीपुढच्यांची, श्रीमंत असो वा गरीब. मेडिकेड ही गरिबांची. त्याच्या आदल्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता आणि त्यात म्हटले होते की सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वंशभेद करता येणार नाही. सरकारने इस्पितळांना सांगितले, मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर गोऱ्यांचे वॉर्ड आणि काळ्यांचे वॉर्ड ही भानगड बंद करा. नुसते सांगितले नाही, तर सुमारे हजारभर माणसे इस्पितळांतून हिंडली आणि खाटा मोजून आली. १९६६ च्या उन्हाळ्यापर्यंत देशातल्या बहुतेक सगळ्या इस्पितळांतले वेगळे वॉर्ड गेले. शंभर वर्षांची रीत चार-सहा महिन्यांत मोडली. सरकारला खरोखरच एखादी गोष्ट करायची असली की काय होऊ शकते, याचा तो नमुना.

नर्सिंग होम्सच्या बाबतीत मात्र हे झाले नाही. या इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड बार्टन स्मिथ यांनी ते तपशिलाने लिहिले आहे. नर्सिंग होम्सकडून ‘आम्ही भेदभाव करत नाही’ असा कागद भरून घेतला आणि काम भागले. कोणी खाटा मोजायला गेले नाही. इस्पितळात माणूस आठ दिवस असतो, नर्सिंग होममध्ये तो राहतो, खोलीतला शेजारी हा त्याचा घरचा सोबती असतो, तेव्हा तिथे जबरदस्ती नको, असा एक सूर होता. शिवाय मेडिकेअरचा पैसा या घरांना फारसा मिळतही नव्हता, त्यामुळे सरकारच्या हाती कासरा नव्हता. स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये देशभरच्या नर्सिंग होम्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत तीव्र विभागणी दिसली ती दक्षिणेत नव्हे, तर मध्यपश्चिमेच्या औद्योगिक शहरांत, जिथे वस्त्याही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या अशा वेगवेगळ्या आहेत. माणूस आपल्या आईला जवळच्या घरी ठेवतो, म्हणजे रोज जाता येते. वस्ती वेगळी असली की घरही आपोआप वेगळे.

आता पैशाचे गणित, कारण सगळे पाणी तिथेच मुरते. बहुतेक अमेरिकी लोकांना वाटते की मेडिकेअर आहे, म्हणजे म्हातारपणी नर्सिंग होमचा खर्च सुटला. तसे नाही. इस्पितळातून आलेल्याला उपचारापुरते जास्तीत जास्त १०० दिवस मेडिकेअर देते, तेही शेवटी शेवटी रुग्णाचा वाटा धरून. नुसते न्हाऊ घालणे, भरवणे, कुशीवर वळवणे याला ती पैसे देत नाही. २०२३ मध्ये तिथे स्वतंत्र खोलीचा वर्षाचा खर्च १ लाख १६ हजार डॉलरच्या वर होता. इतका पैसा कोणाकडे किती दिवस पुरणार? साठवलेले सगळे संपले, अनेक राज्यांत हाती जेमतेम २ हजार डॉलर उरले, की मग मेडिकेड पुढचा भार उचलते. नर्सिंग होममधल्या दर दहांपैकी सहा जण अशा रीतीने मेडिकेडवर आहेत.

पण मेडिकेडचा दर खासगी दरापेक्षा बराच कमी. म्हणून चालक आधी पाहतो, आलेल्या माणसाकडे स्वतःचे पैसे किती आहेत. ज्याच्याजवळ दोन वर्षांचे आहेत त्याला चांगल्या घरात जागा मिळते आणि पैसे संपल्यावरही बहुधा तो तिथेच राहतो. ज्याच्याजवळ पहिल्या दिवसापासूनच काही नाही, त्याला ‘सध्या जागा नाही’. आणि पैसे कोणाकडे असतात? अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे राहते घर. ज्या वस्त्यांना बँका दशकानुदशके कर्ज देत नव्हत्या, तिथल्या लोकांची घरे झाली नाहीत किंवा झाली तरी त्यांची किंमत वाढली नाही. २०२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे गोऱ्या कुटुंबांची मध्यम मालमत्ता २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ४५ हजारांच्याही किंचित खाली. नर्सिंग होमच्या दारात उभा असलेला कारकून रंग विचारत नाही, बँकेचे पासबुक विचारतो. त्या पासबुकात सगळा इतिहास लिहिलेला असतो.

व्हिन्सेंट मोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशा घरांची पायऱ्यांप्रमाणे वर्गवारी केली. जिथे जवळजवळ सगळेच रहिवासी मेडिकेडवर, परिचारिका थोड्या आणि उत्पन्नाचे दुसरे साधन नाही, ती सगळ्यांत खालची पायरी. नर्सिंग होममधल्या गोऱ्यांपैकी ९ टक्के या पायरीवर होते. कृष्णवर्णीयांपैकी ४० टक्के.

खालच्या पायरीवर राहिल्याने काय होते, हे पाठीवर दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही की कातडीला जखमा होतात. आपल्या घरांत त्याला बेडसोअर म्हणतात. ज्यांनी घरी कोणाचे केले आहे, त्यांना त्याचा वासही आठवत असेल. हा काही गहन रोग नव्हे. त्यावर औषध एकच, वेळेवर येणारे दोन हात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की २००३ ते २००८ या काळात ज्यांना धोका जास्त अशा दीर्घकाळच्या रहिवाशांत या जखमांचे प्रमाण गोऱ्यांत ११.४ वरून ९.६ टक्क्यांवर आले आणि कृष्णवर्णीयांत १६.८ वरून १४.६ वर. दोघांचेही कमी झाले, मधले अंतर तसेच राहिले. आणि त्या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट पुढे आहे. ज्या घरांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण जास्त होते, तिथल्या गोऱ्या रहिवाशांनाही जखमा अधिक होत होत्या. म्हणजे कातडीचा रंग नव्हे, खाट कुठल्या घरात पडली हे मुख्य.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा हेच अधिक भयंकर रीतीने दिसले. ज्या नर्सिंग होम्समध्ये बिगरगोऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक होते, तिथल्या मृत्यूंची संख्या जवळजवळ संपूर्ण गोऱ्या असलेल्या घरांच्या तिपटीहून अधिक होती. चार-चार जणांच्या खोल्या, एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणी नोकरी करणाऱ्या मदतनीस बाया आणि वस्तीतच पसरलेला आजार. त्यानंतर बरीच चर्चा झाली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान इतके तास परिचारिका-मदतनीसांचे काम असलेच पाहिजे. चालक कोर्टात गेले. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि त्याच वर्षी काँग्रेसने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत लांबवली. माणसे मिळत नाहीत, पैसा पुरत नाही, ही चालकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण मग मेडिकेडचा दर वाढवायला हवा होता.

तुम्ही म्हणाल, नर्सिंग होमला पर्याय नाहीत का? आहेत. १९८० च्या दशकात ऑरेगन राज्यात ‘असिस्टेड लिव्हिंग’ ही कल्पना रुजली. स्वतःची खोली, स्वतःचे कुलूप, हवी तेवढी मदत. ती देशभर पसरली. पण तिथे बहुतेक खर्च स्वतःच्या खिशातला. म्हणून ज्यांच्याजवळ पैसा होता ते गोरे म्हातारे नर्सिंग होममधून तिकडे सरकले आणि त्यांच्या रिकाम्या खाटांवर दुसरे आले. १९९९ ते २००८ या काळात नर्सिंग होम्समधले गोरे १० टक्क्यांनी घटले, कृष्णवर्णीय जवळजवळ ११ टक्क्यांनी वाढले आणि लॅटिन व आशियाई वंशाचे तर प्रत्येकी ५४ टक्क्यांहून अधिक वाढले. मघाचा उलटलेला आकडा आला तो इथून.

दुसरा पर्याय घरी राहून मदत घेण्याचा. १९८१ पासून मेडिकेड त्यासाठीही पैसे देऊ शकते, आणि आता तर नर्सिंग होमपेक्षा यावरच जास्त खर्च होतो. चांगलेच झाले. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की घरपोच सेवा घेणाऱ्यांतही गोऱ्या माणसामागे मेडिकेड अधिक खर्च करते आणि कृष्णवर्णीयाला इस्पितळात जावे लागण्याचे प्रमाण अधिक आहे. डिमेन्शिया झालेल्यांत तर हे अंतर आणखी रुंदावते. घरी राहणे आणि घरी नीट सांभाळले जाणे यांत फरक आहे.

आणि घरी येणारी ती बाई कोण? आपल्याकडे ब्युरोतून मावशी येते, तशी तिथे एजन्सीतून येते. घरी जाऊन सेवा करणाऱ्यांत दहापैकी आठांहून अधिक स्त्रिया आहेत, चौथा हिस्साहून अधिक कृष्णवर्णीय आणि बऱ्याच जणी परदेशातून आलेल्या. एव्हलिन कोक ही त्यांतलीच एक, मूळची जमैकाची. न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षे तिने आजारी म्हाताऱ्यांचे केले, कधी कधी सलग चोवीस तास, आणि जादा कामाचा जादा दर तिला मिळाला नाही. कारण १९७४ मध्ये किमान वेतनाचा कायदा घरकामाला लागू करताना म्हाताऱ्यांना ‘सोबत’ करणाऱ्यांना त्यातून वगळले होते. जणू शेजारची काकू गप्पा मारायला येऊन बसली आहे! खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००७ मध्ये नऊही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला तो तिच्या विरुद्ध. नियम तसा आहे तर आम्ही काय करणार, असा. २००९ मध्ये एव्हलिन वारली. २०१३ मध्ये सरकारने नियम बदलला, २०१५ मध्ये तो लागू झाला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच सरकारी खात्याने मांडला. १९३५ मध्ये ज्या मोलकरणीला कायद्याने बाहेर ठेवले, तिच्या नातीचीच ही गोष्ट आहे असे म्हटले तरी चालेल.

मराठी माणसांचा या सगळ्याशी संबंध येतो तो थोडा वेगळ्या बाजूने. मुलाच्या किंवा मुलीच्या आधाराने ग्रीन कार्डावर गेलेल्या आईवडिलांना १९९६ च्या कायद्याप्रमाणे साधारणपणे पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही. मेडिकेअरही तिथे नोकरी न केलेल्यांना पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, हप्ता भरून. त्या पाच वर्षांत पक्षाघाताचा झटका आला तर? मुले बहुधा चांगली कमावती असतात, म्हणून निभावते. पण अंगाला लकवा, इंग्रजी तोडके, जेवणात उकडलेले मांस आणि दिवसभर बोलायला कोणी नाही, ही अवस्था पैशाने पुरती सुटत नाही.

याच अडचणीतून एक चांगली गोष्ट निघाली आहे. तिची हकिगत सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली. १९७० च्या सुमारास तिथल्या चिनी, इटालियन आणि फिलिपिनो कुटुंबांत म्हातारे थकू लागले होते. नर्सिंग होमला वस्तीत जागा नाही, आणि दूर नेऊन ठेवायला कुटुंबे तयार नाहीत. विल्यम गी हे दंतवैद्य आणि मारी-लुईज अन्साक या समाजसेविका यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये एक संस्था उभी राहिली. नाव ऑन लोक. कँटोनीज भाषेत त्याचा अर्थ सुखशांतीचे घर. कल्पना अशी की म्हाताऱ्याने रात्री आपल्याच घरी झोपायचे. सकाळी गाडी येऊन त्याला केंद्रात नेणार. तिथे डॉक्टर, परिचारिका, व्यायाम, आंघोळ, ओळखीच्या चवीचे जेवण आणि पत्त्यांचा डाव. संध्याकाळी गाडीनेच परत. गाडीचा चालकसुद्धा त्या चमूचाच माणूस. आज आजी जिना उतरताना दोनदा थांबल्या, हे डॉक्टरला तोच सांगणार. पैशाची व्यवस्थाही वेगळी. मेडिकेअर आणि मेडिकेड दरमहा ठरावीक रक्कम देतात आणि त्यात सगळे बसवायचे. इस्पितळात न्यावे लागले तर तो खर्चही केंद्राचाच. त्यामुळे म्हाताऱ्याला पडू न देण्यातच केंद्राचा फायदा. ‘पेस’ या नावाने ही पद्धत देशात इतरत्र गेली आणि १९९७ मध्ये तिला मेडिकेअरमध्ये कायमचे स्थान मिळाले. पंचावन्नच्या पुढचा आणि नर्सिंग होममध्ये ठेवण्याइतका जर्जर झालेला माणूस, ही प्रवेशाची अट.

२००३ मध्ये पेसच्या १२ केंद्रांतल्या अठ्ठावीसशेहून अधिक म्हाताऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न हाच होता, इथे तरी गोरे आणि कृष्णवर्णीय यांत फरक पडतो का? सगळ्यांना एकच केंद्र, तेच डॉक्टर, तीच गाडी. पहिल्या वर्षी दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. त्यानंतर मात्र कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्यांपेक्षा अधिक जगले. आधीचे आजार, वय, परावलंबन हे सगळे हिशेबात धरूनही. असे का व्हावे, याचा पक्का उलगडा त्या एका अभ्यासाने होत नाही. इतकी वर्षे हाल सोसून जे त्या वयापर्यंत पोचले ते मुळातच चिवट असतील, असे काही म्हणतात. मला दुसरे एक कारणही संभवनीय वाटते. आयुष्यभर जे डॉक्टर क्वचितच भेटले ते रोज भेटू लागले, तर ज्याला आधी कमी मिळाले होते त्याला त्याचा गुण अधिक येणार. कोरड्या जमिनीला पाणी दिले की ती आधी हिरवी होते.

अमेरिकेतल्या जवळपास तेहतीस राज्यांत आज पेसची केंद्रे आहेत आणि त्यांत ८० हजारांच्या आसपास माणसे आहेत. केंद्र काढायला सुरुवातीचे भांडवल फार लागते, राज्य सरकारची संमती लागते आणि ज्या वस्तीत केंद्र आहे तिथेच राहत असाल तरच नाव घालता येते. ज्यांच्याकडे मेडिकेड नाही आणि फारसा पैसाही नाही, अशा मधल्या लोकांना महिन्याचा हप्ता परवडत नाही. बारा लाख आणि ऐंशी हजार यांतले अंतर या अशा अटींनी भरलेले आहे.